अर्धी टाकी

बाबांचा नियम एकच होता:
अर्धी टाकी संपली की वळायचं.
समोर कॅरिबूंचा कळप उभा असो,
काटा मध्यावर आला की तोंड घराकडे.
त्यांच्या नियमाला एक काळं टोक होतं,
सीलच्या डोक्यासारखा खडक,
नेनपासून त्रेसष्ट किलोमीटर.
तिथून पुढचा किनारा मी
फक्त त्यांच्या खांद्यावरून पाहिलाय,
स्नोमोबाइल वळवायला लागतो
तेवढ्या वेळात.

यंदा खाडीवर बर्फ धरलाच नाही.
जानेवारी सरला तरी मधोमध पाणी,
काळं, थंडीने वाफाळणारं.
आता वाट डोंगरातून.
त्याच खडकाला पंचवीस किलोमीटर जास्त.
खडक जागचा हलला नाही.
अर्धी टाकी अलीकडे आली.

म्हणून हे खोकं,
गूस बेहून विमानाने आलेलं,
तीन आठवडे उशिरा, एका कोपऱ्यात चेपून.
आत साठ लिटरची टाकी (जुनी चाळिसाची)
आणि एक कागद,
ज्यावर ‘सहज बसते’ असं दोनदा छापलंय.
बोआसमामाने चष्मा कपाळावर सरकवला:
"दोनदा सांगतायत, म्हणजे बसणार नाही."

नाहीच बसली.
सीट काढली, गंजलेले दोन बोल्ट कापले,
डावा कान बोटभर पुढे येत होता.
मामाने भोक लांबट केलं, मी कीस पुसला,
एक चकती जमिनीवर पडली आणि
तासभर आम्ही दोघं
गुडघ्यांवर, टॉर्च दातांत धरून.
मग कळलं, जुनी नळी तळाला पोचत नाही.
आडात होतं, पण पोहऱ्यात येत नव्हतं:
सात लिटर नुसते वाहून न्यायचे,
बर्फात बंद पडल्यावर हलवून ऐकायला.
नवी नळी कापली. टोकाला जड गाळणी.
त्या रात्रीच्या पावाला पेट्रोलचा वास होता,
कुणी काही बोललं नाही.

गळती बघायला
मी सांध्यांवर साबणाचा फेस लावला
आणि मामाने टाकीच्या तोंडाला तोंड लावलं.
चर्चच्या बँडमध्ये तो चाळीस वर्षं टुबा वाजवतो.
फुंकर आत गेली. बुडबुडा नाही.
मग त्याला राहवलं नाही,
ओठ जरा आवळले,
आणि टाकी घुमली,
खोपटाच्या पत्र्यावरचं दव थरथरलं,
बाहेरची कुत्री एकदम गप्प.
"जुनीपेक्षा दोन सूर खाली," तो म्हणाला,
जसं काही हेच बघायचं होतं.

काटा मात्र खोटं बोलतो आता.
तो जुन्या टाकीचा, जुन्याच हिशोबाचा,
तिसरा हिस्सा शिल्लक असताना
रिकामं म्हणून सांगतो.
"असू दे," मामा म्हणाला,
"घाबरट खोटं आहे, मारत नाही."
मला ते पटलं नाही.
बाबांच्या मोडक्या स्लेजची एक पट्टी घेतली,
पाच-पाच लिटर ओतत गेले,
प्रत्येक ओल्या रेषेवर सुरीने खाच.
सहावी खाच जरा खोल गेली.
हात घसरला असं मी म्हणाले.

परवा खडकाशी इंजिन बंद केलं.
वारा नव्हता. सीट चार बोटं उंच झाल्याने
कंबर धरलेली.
पट्टी बुडवली, वर काढली:
सहाव्या खाचेच्या वर
अर्धं बोट ओलं.
दोन लिटर. म्हणजे सहा किलोमीटर,
नियम न मोडता.

पट्टी वाळायच्या आत निघाले.
पुढे विशेष काही नव्हतं.
ससाण्याने फाडलेल्या पक्ष्याची पिसं,
एक तेलाचा डबा, अर्धा गाडलेला,
मग किनारा, मग तसाच किनारा.
डोळे सारखे पाणावत होते.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं,
वारा थेट तोंडावर येतोय,
समोर पाठ नाही.