पायरीचे गुण

मगदूम बाई उत्तराला एकच गुण द्यायच्या,
बाकीचे पायऱ्यांना.
माझ्या पेपरावर लाल शाईत:
'इथवर बरोबर आलास. इथं घाई केलीस.'

आता शाहूपुरीत गुळाच्या पावत्या फाडतो.
काल त्या आल्या, एका डोळ्याला पट्टी.
पावणेदोन किलो पिवळा.
मी आकडा लिहीपर्यंत
त्यांचा तोंडी झाला होता.

"दहा कमी लावलेस."
"असू दे की, बाई."
"हातचा मुद्दाम विसरलास."

पुन्हा मांडलं. सगळ्या पायऱ्या दाखवून,
मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली.
बाईंनी पेन मागितलं,
चिकट कागदावर बरोबरची खूण केली
आणि गूळ घेऊन गेल्या.

पावती तिथंच राहिली.
ती मी खिशात घातली.
रात्री मालकांचा हिशेब जुळेना.
मी गप्प.