शुद्धिपत्र

शंभरावा अंक. विश्रामबागचं सभागृह.
खुर्च्यांना पांढरे अभ्रे, टेबलावर
रेशमी फितीत बांधलेला गठ्ठा.
नवव्या रांगेत मी, बाबगोंडा उपाध्ये,
पहिल्यापासून बासष्टाव्या अंकापर्यंतचा जुळारी.
बायकोनं इस्त्री केलेला सदरा
खिशापाशी जरा ओघळलाय.
खिशात शिसं आहे.

शिरगुप्पे मॅडम सांगताहेत:
पन्नास वर्षं, अकराशे लेख,
कृष्णेचे दोन महापूर,
पोरांनी डोक्यावरून गच्चीत नेलेले जुने अंक.
टाळ्या.
त्यातल्या एकोणिसाव्या अंकाबद्दल
त्या काही बोलत नाहीत. ठाऊकही नसेल.
तेव्हा त्या शाळेत असतील.

तेव्हा आमचा छापखाना खणभागात,
खाली ट्रेडल, वर मालकांचा संसार.
धडधड सुरू झाली की मांडणीवरची भांडी वाजायची.
अ चा खण नेहमी आधी रिकामा.
अ ला काना दिला की आ, वर मात्रा की ओ,
सगळ्यांच्या उपयोगी पडणारं अक्षर
लवकर झिजतं.
फर्मा आवळताना एक अ निसटला असणार.
पान सत्तेचाळीस, ओळ तेवीस:
रूढी सिद्ध न करता
पंचांसमोर दिलेली काडीमोड वैध आहे.
सरांनी लिहिलं होतं, अवैध.
तीनशे प्रती. पोस्टात पडल्यासुद्धा.

महिन्याभरानं संपादक देवस्थळी
छत्री न मिटताच आत आले.
कवठेमहांकाळला कुणा वकिलानं
तेच पान कोर्टापुढे ठेवलंय म्हणाले. उद्या तारीख.
ओरडले नाहीत.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

रात्री एकट्यानं चिटोरं जुळवलं:
शुद्धिपत्र. 'वैध' ऐवजी 'अवैध' वाचावे.
पहाटेच्या एस.टी.नं निघालो,
शाई ओली, म्हणून कागद दोन बोटांत धरून.
मिरजेला चढलेल्या एकानं विचारलं,
किती नंबर लागला?

साहेबांनी चिटोरं वाचलं,
अंक उलटासुलटा पाहिला, थोडं हसले.
"षण्मासिकात छापून कायदा होत नसतो, वकीलसाहेब.
रूढीचा पुरावा आणा."
बस्स.
माझ्या अ वाचूनही कोर्ट चाललं होतं.
सुटलो असं वाटलं, आणि खरं सांगू?
कुठेतरी लागलंही.
खिळ्याला खिळा इतका जपून लावतो आम्ही,
कुणासाठी?

बाहेर लिंबाखाली सोनाक्का कोळेकर,
पोटगी मागणारी तीच,
माझ्या हातातलं चिटोरं घेऊन बघत बसली.
वाचता येत नव्हतं.
"ह्यातलं पडल्यालं अक्षर कंचं?"
दाखवलं.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला. शाई लागली.
"एवढ्यासाठी सांगलीवरनं आलास व्हय?"
ओच्यातले मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले.
"खा. गाडी दुपारपातूर न्हाई."

निकाल काय लागला ते मला कळलं नाही.
विचारायला पुन्हा गेलोही नाही.

छापखाना किलोवर विकला गेला तेव्हा
ट्रेडलखालच्या फटीत,
तेल आणि कागदाच्या भुशात, एक अ सापडला.
तोच तो, असं मी म्हणतो.
शिशावर काही लिहिलेलं नसतं.

"आता सत्कार, श्री. बाळगोंडा उपाध्ये."
उठतो. शाल, नारळ, शंभरावा अंक.
जागेवर येऊन आधी सत्तेचाळिसावं पान, सवयीनं,
मग शेवटचं.
शुद्धिपत्र नाही यंदा.
सगळं संगणकावर तपासलंय म्हणे.
सत्कारमूर्तींच्या यादीतही मी बाळगोंडाच.

शेजारच्या पोराकडे पेन्सिल मागतो.
"पेन आहे आजोबा, चालेल?"
नको म्हणतो. पेन्सिलच हवी.
इतक्या वर्षांत
चूक माझीही झालेली असू शकते.