सात किलो

धोबीतलावला, खेळाच्या दुकानांच्या रांगेत,
कॅरमच्या पटांआड बसलेल्या हुजेफाभाईंना
मी म्हटलं, वजनाचं जाकीट द्या. वीस किलोचं.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"डिप्स किती निघतात?"
"दहा."
"पूर्ण खाली जाऊन?"
"सहा."
ते काही बोलले नाहीत. शटलकॉकचा डबा पुसत राहिले.
"चार," मी म्हटलं.

मग शिडी लावून तीन जाकिटं उतरवली.
पहिलं वाळूचं. स्वस्त.
पण आपण उडी मारली की वाळू जरा उशिरा मारते,
वरातीत मागे राहिलेल्या काकासारखी धापा टाकत येते,
आणि शिवण उसवली की घरभर जुहू.
दुसरं एकसंध, कमी-जास्त न होणारं.
"हे घेणाऱ्याला स्वतःची फार खात्री लागते."
तिसरं कप्प्यांचं. चौदा कप्पे, चौदा लोखंडी पट्ट्या,
एकेक अर्ध्या किलोची.

"घाला. पट्टा ओढा. श्वास घ्या, पोटातून.
अडला? सैल करा.
आता जागेवर उड्या मारा.
आपटतं? आवळा."
अडू नये आणि आपटूही नये,
असं एकच भोक होतं पट्ट्याला. डावीकडून चौथं.

कावीळ झाली त्या वर्षी माझे सात किलो गेले.
कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही.
कस्तुरबातून घरी आलो तेव्हा
पँट दोन्ही हातांनी धरून जिना चढलो,
आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी म्हणालं, बारीक झालास, छान दिसतोस.
आता तेच सात किलो
सव्वीसशेला परत घेतले, पन्नास रुपये घासून.

"सुरुवात सहा पट्ट्यांनी," पिशवी देताना ते म्हणाले.
"महिन्याला दोन वाढवा. त्याहून घाई केली
तर खांदा बोलायला लागेल,
आणि खांदा एकदा बोलायला लागला की गप्प बसत नाही."

चुनाभट्टीला, आमच्या गच्चीवर,
टाकीकडे जाणारे दोन पाइप समांतर आहेत.
पहाटे तिथे मी. पलीकडे कुंड्यांना पाणी घालणारे दाभोळकर.
"पूर येणारे का रे? लाइफ जॅकेट घालून आलायस?"
"नाही काका, हे बुडायचं जाकीट."
पहिल्या दिवशी एक निघाली.
एक म्हणजे पाऊण.

उरलेल्या आठ पट्ट्या माळ्यावर ठेवल्या होत्या.
महिना भरला, दोन काढायला गेलो, तर एकही नाही.
आई ओट्याशी, पाठमोरी.
"बरणीत आहेत."
कैरीच्या फोडी, त्यांवर ताटली,
ताटलीवर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं माझं चार किलो भविष्य.
"तो दगड हलका पडायचा. हे बरोबर बसलं."
"दोन तरी दे."
"खार सुटू दे नीट. घाई केलीस तर बुरशी धरते."

तर हुजेफाभाई,
तुम्ही विचाराल म्हणून सांगतो,
लोणचं मुरेपर्यंत मी तीन किलोवरच आहे.
खांदा गप्प आहे.
डिप्स सहा निघतात.
पूर्ण खाली जाऊन.