नसलेलं पान

पंचफुलाबाईंच्या वावरातून तुरीचं मूळ आणलं,
शिजवलं, शाईत निळं केलं.
धागा दिसला.
आत कुठेच भिंत नाही,
हजारो केंद्रकं एकाच ओसरीत.

मग दोन महिने जनुकांची वही.
स्निग्धाचं पान सापडेना.
फाटलेलं नव्हे, नव्हतंच.
म्हणजे तेल मुळाकडचं, रोजचं,
आणि हा स्फुरद आणतो
मुळाचा हात पोचत नाही तिथून.

धाग्याच्या पोटात आणखी कुणी: जिवाणू,
सातबाऱ्यावर नाव नसलेलं जुनं कूळ.

दारव्ह्याला फोन लावला, सगळं सांगितलं.
"मंग? आमच्या धुऱ्यावरून वाटी जाते, वाटी येते.
कोन लिवून ठेवते?"

थोडं थांबून,
"थे मूळ वापस आनशीन का, पोरी?"

काचेवर
निळा तुकडा, नखाएवढा.