ताटं मोजावीत

माणसं मोजू नयेत, असं आमच्यात म्हणतात.
म्हणून मी ताटं मोजते.
रास्ता पेठेत, सिनेगॉगच्या मागच्या खोलीत,
स्टीलची, कडेला 'अ. झि.' कोरलेली.
अब्राहम झिराडकरांनी लेकीच्या लग्नानंतर दिलेली
सहा डझन.
लेक आता अश्दोदला. ताटं इथेच.
बावीस बाहेर काढली,
मग दोन परत ठेवली.

उन्हाळी शिबिर. सकाळी साडेआठ ते अकरा.
अकरानंतर पत्रा तापतो आणि एलिझरमामाही.
फळ्यावर आलेफ, बेत, गिमेल,
उजवीकडून डावीकडे.
आर्यन भोनकर विचारतो (इथे तो अहरोन, शाळेत आर्यन):
"मावशी, डावखुऱ्यांनी शोधली का ही?"
असेल. त्यांनाही काहीतरी हवं.

आमची मुलं चार.
आणि श्रावणी, वॉचमनची.
दारात चपला न काढता उभी राहायची,
कुणी हटकलं तर लगेच निघता यावं म्हणून.
चौथ्या दिवशी मी म्हटलं, बाई गं, पंख्याची हवा अडते तुझ्यामुळे,
आत तरी ये.
आता सगळ्यांच्या चुका तीच खोडते, थुंकी लावून, बोटाने.

रविवारी कॅरम.
राणी हरवली मागच्याच्या मागच्या वर्षी,
तिच्या जागी कोटाचं लाल बटण.
फायनलला हनोक वाक्रूळकर आणि शालोम चेऊलकर:
ट्रस्टच्या निवडणुकीपासून बोलत नाहीत,
बावीस वर्षं.
त्या दिवशी एकच शब्द बोलले,
"फाऊल."
तोही दोघं एकदम.

संध्याकाळी ओमेर मोजतो.
दिवस मोजलेले चालतात.
आज एकतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि तीन दिवस.
सॅमसनकाका हे मीटर रीडिंगसारखं सांगतात
आणि चष्मा खिशात ठेवतात.

तेहेतिसाव्या दिवशी पानशेत.
पूर्वी दोन बस निघायच्या, मुलं टपावर चढायला बघायची.
आता एक टेम्पो ट्रॅव्हलर,
त्यातही मागच्या सीटवर मलिद्याची परात
एकटी, ऐसपैस, खिडकीशी.
भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, खजूर, वेलची.
डायव्हर दशरथ आरशातून तिच्याकडेच बघत होता
वरसगावचा घाट लागेपर्यंत.

दुपारच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
त्यांनाही मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे,
एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचा.
एलिझरमामांनी सुरू केलं.
हनोक. शालोम, थोडा लांब उभा.
सॅमसनकाका. दोघे पेणकर बंधू...
नववा शब्द स्वतःच्या छातीवर ठेवला
आणि बोट तसंच हवेत राहिलं.
आर्यनला तेरा पूर्ण व्हायला दीड महिना होता.
तो मान खाली घालून बुटाची लेस बांधत बसला,
बांधलेलीच.

तेव्हा करंजाखालून आवाज आला.
मामा विसरले असं वाटलं श्रावणीला.
तिने दहावा शब्द सांगितला,
स्वच्छ, बाईंना पाढा सांगावा तसा.

कोणी काही बोललं नाही.
शालोम हनोकला म्हणाला,
"उच्चार तुझ्यापेक्षा बरा आहे."
हनोक हसला. मग रागावला, हसलो म्हणून.
प्रार्थना ज्याने त्याने आपापली म्हटली,
पाण्याकडे तोंड करून, वेगवेगळ्या वेगाने,
सॅमसनकाका सगळ्यात शेवटी.
मग एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं,
मलिदा वाटला.
दशरथने तीनदा घेतला. ताट कमी पडलं,
मी परातीतच खाल्लं.

रात्री ताटं घासून पालथी घातली.
वीस नेली होती.
एकवीस भरली.
पुन्हा मोजली, एकवीस.
एक जरा पातळ, काठाला पोचा,
मागे खिळ्याने टोचटोचून लिहिलेलं
'सौ. रखमा का. गायकवाड'.
आईने बजावलं असणार पोरीला,
आपलं ताट आपण न्यायचं, त्यांची भांडी शिवायची नाहीत.

अजून मागायला आली नाही.
मीही दिलेलं नाही.
झिराडकरांच्या ताटांमध्ये ठेवलंय,
वरून तिसरं.