हरकती व सूचना

सात रस्ता, दुसरा मजला.
पंखा फिरला की नकाशाचा कोपरा उठतो,
त्यावर मी गट नंबरांची वही ठेवतो.
प्रारूप आराखडा, एकास दहा हजार.
ऊस हिरवा, वस्ती तांबडी, तलाव निळा,
आणि नान्नजच्या अंगाचं सगळं पिवळं.
सूचीत पिवळ्यापुढे एकच शब्द: पडीक.

पिवळ्यावर सहसा कुणाची हरकत येत नाही.
पिवळ्यावर सौर पट्टे बसतात,
पिवळ्यातून उच्चदाबाच्या तारा जातात
फुटपट्टीनं ओढाव्यात तशा.

मी विजेच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगतो.
मी साखर पेठेतल्या बोद्धूलांचा पोरगा.
लाईट गेली की गल्लीभर माग एकदम गप्प व्हायचे,
आणि नाना अर्ध्या चादरीपुढे बसून राहायचे.
मोराची मान झालेली, पाय बाकी,
मजुरी मात्र पुऱ्या नगावर.
म्हणून सूर्यावर चालणारा माग म्हटलं
की माझी पेन्सिल जरा भरभर चालते.

स्थळपाहणीला वनरक्षक सुग्रीव कादे पुढे होते.
"साहेब, पाय बघून टाका.
माळढोकाचं अंडं असतंय एक. घरटं न्हाई, आडोसा न्हाई,
हितंच, भुईवर."
मला दिसलं गवत, आणि गवतात गवत.
मोज्यात कुसळं.
"आणि पक्षी?"
"ह्या साली रकाना मोकळा ठिवलाय.
भोपळा लिवायला हात व्हईना."

मग तारांबद्दल म्हणाले,
"डोळं दोन बाजूला असत्यात त्याचं, म्होरचं नीट दिसत न्हाई.
अंगानं जड. वळायच्या आत..."
पुढचं बोलले नाहीत.
शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

अंगानं जड, समोरचं दिसत नाही, वळायला उशीर.
आमच्या खात्याच्या गोपनीय अहवालात
मी हेच लिहिलं असतं.

बांधापलीकडे म्हाळसाबाई येडगे मेंढरं घेऊन उभ्या.
नकाशा उलटा धरून पाहिला त्यांनी, सुलटा करून पाहिला.
"पडीक म्हंजी? कुणी पाडलं?
माझी मेंढरं काय वाऱ्यावर जगत्यात व्हय?"
मी म्हटलं, बाई, तो सरकारी शब्द आहे.
"आसंल," म्हणाल्या, "पर गवत सरकारी न्हाई."

परत येऊन शेरा लिहिला:
पट्टे आधी चिंचोळीच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर,
मग उजनीच्या कालव्यावर,
माळावर सगळ्यात शेवटी, विचारून.
तारा अभयारण्याच्या हद्दीलगत जमिनीखालून.
खर्च वाढेल. वाढू द्यावा.
आणि वर्गवारीत 'पडीक' खोडून 'गवताळ माळ'.

हत्तुरे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
जमिनीखालच्या तारांवर ते काही बोलले नाहीत.
"बोद्धूल, 'गवताळ माळ' असा कोड सिस्टिममध्ये नाही.
आणि रंग तरी कुठला देणार?"

रात्री नानांचं शेड कार्ड काढलं.
खाकी पुठ्ठ्यावर सुताच्या आट्या, खाली त्यांच्या हातचे आकडे,
तेलुगूत काही शेरे: उन्हात विटतो, पाण्यात सोडतो.
सत्तेचाळीस नंबरपाशी बोट थांबलं.
भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा रंग,
दिवाळीनंतरच्या माळाचा.
शेऱ्याच्या जागी फक्त: टिकतो.

सकाळी ते सूत सूचीत डिंकानं चिकटवलं.
थोडं माळावरही, कादे उभे होते त्या जागी.

दुपारच्या गाडीनं नकाशा पुण्याला जायचाय.
हरकतींच्या मुदतीचे अकरा दिवस उरलेत.
लिफाफ्यात घालताना शिपाई रज्जाक थबकला.
"सायेब, हितं काहीतरी फुगलंय. घडी बसंना."

म्हटलं, राहू दे.