परखी

यादीत एकशे बारा तपासण्या होत्या,
एकशे बाराही पास.
हिरव्या खुणांची रांग स्क्रीनवर अशी दिसत होती
जशी बांधीत नुकतीच रोवलेली पऱ्ही,
सरळ, ओली, कुठंच वाकडी नाही.

लाखांदूरच्या अलीकडं, तलावाच्या पाळीखालचं
धान खरेदी केंद्र. दुपारचे तीन. बारदान्याची धूळ.
मी लॅपटॉप मिटत होते,
आणि काट्यापाशी उकिडवा बसलेला लटारू मेश्राम,
एकतीस हंगाम पोती मोजलेला माणूस, म्हणाला,
"झालं का जी बाई, तुमचं यंत्र?"

झालं, म्हटलं.
तो काही बोलला नाही. परखी उचलली
आणि समोरच्या पोत्यात खुपसली.
मधोमध नाही.
तळाच्या डाव्या कोपऱ्यात, शिवणीला लागून.
तळहातावर दाणे घेतले, एक दाताखाली फोडला.
"वल्ला हाये. मधात सुकाच ठेवतेत.
मधात तं सारेच पायतेत."

नागपूरच्या क्लासमध्ये याचा अर्ध्या पानाचा धडा होता:
चूक कुठं असेल याचा अंदाज घ्या,
अनुभवावर विसंबा, ठरलेली रीत अशी नाही.
दोन मार्कांना येईल म्हणून मी तो पाठ केला होता.

लॅपटॉप पुन्हा उघडला.
सांगा, म्हटलं, काय बिघडेल यात?
त्यानं स्क्रीनकडं पाहिलंच नाही,
थप्पीकडं पाहत राहिला.

"खालच्या टोलीत तीन झिबल दिघोरे हायेत.
तिघायचेबी बाप डोमाजी."
टाकलं. तिसऱ्याचं धान पहिल्याच्या नावावर चढलं.
"वजन होता होता लाइन गेली. मंग आली."
प्लग काढला, लावला. एकच पोतं दोनदा मोजलं गेलं.
"घाईत पोतं उतरवलं, बटन मागून दाबलं."
शून्य किलो धानाची पावती छापून आली,
खाली आभारासकट.
ती त्यानं उलटीसुलटी करून पाहिली
आणि खिशात घातली.

सगळे अंदाज लागले नाहीत.
उणे वजन टाकलं तर यंत्र सरळ नाही म्हणालं.
"शायनं हाये थोडंसं," तो म्हणाला.

तुम्हाला हे सुचतं कसं?
"सुचत नाही बाई, आठवते.
सत्त्याण्णव साली अकरा पोत्यायचा फरक आला,
माह्या मजुरीतून कापला.
तवापासून कोपरा पायतो."

दिवस कलला. म्हटलं, मापारी म्हणून
तुमचीच नोंद करून टाकू. ठेवा अंगठा.
लाल दिवा.
सदऱ्याला पुसून ठेवला. लाल.
फुंकर मारून. लाल.
मी त्याचा अंगठा उजेडात धरला.
रेषाच नव्हत्या.
सुतळीनं, तागानं, एकतीस हंगामांनी
घासून घासून नदीतल्या गोट्यासारखा केलेला.
ही चूक माझ्या यादीत नव्हती,
आणि त्याच्याही आठवणीत नव्हती.

तो अंगठ्याकडं पाहत राहिला
जसं ते दुसऱ्याच कुणाचं बोट आहे.
मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं:
"असं असन तं बिडी वळणाऱ्या इंद्रकलाचाबी येनार नाही.
इटाभट्टीवरचा सोमा कोडापे, त्याचाबी नाही.
आन् रोवण्याच्या दिवसात तं
साऱ्या बाया, चिखलात बोटं फुगलेल्या…"

मी लिहीत गेले.
वहीचं पान संपलं, बारदान्याच्या बिलामागं लिहिलं.
काट्यावरचा बल्ब लागला, त्याभोवती किडे जमले,
त्याची नावं काही संपेनात.

नागपूरला फोन लावला. अजून दोन दिवस लागतील.
"का? सगळं हिरवं आहे ना?"
हो, म्हटलं.
मधात हिरवंच आहे.